चाकणचा वीर, भूपाळगडचा शोकनायक

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या वर्षी आपण साऱ्याजणी चाकणचा किल्ला पाहायला गेलो आणि त्याच सुमारास माझी मुलगी कॉलेजच्या पुस्तकातून ग्रीक नाटकांच्या गोष्टी मला वाचून दाखवीत होती. मी भाकऱ्या थापायची, ती ओट्याशी बसून वाचायची. तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या मनात एकत्र बसल्या आहेत.

चाकण म्हटले की आज आपल्याला कारखाने आणि रस्त्यावरची गाड्यांची रांग आठवते. त्या गर्दीतच संग्रामदुर्ग आहे. थोडे बुरूज, थोडा तट आणि खंदकाच्या खुणा एवढेच आता उरले आहे. डोंगराचा आधार नसलेला हा भुईकोट. इ. स. १६६० च्या जूनमध्ये शाएस्तेखानाने प्रचंड फौजेनिशी त्याला वेढा घातला. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. शिवाजीमहाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैत ते तेथून निसटून विशाळगडी पोचले, पण चाकणला मदत धाडणे शक्य नव्हते. भर पावसाळ्यात फिरंगोजीने किल्ला सुमारे पंचावन्न दिवस लढविला. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि १४ ऑगस्टला बुरूज उडवला. त्या खिंडारातही आपले लोक रात्रभर लढले. दुसऱ्या दिवशी नाइलाजाने किल्ला द्यावा लागला. मोगलांचे २६८ लोक मेले आणि ६०० जखमी झाले. एवढ्याशा भुईकोटासाठी ही किंमत! खानाने फिरंगोजीला आपल्या चाकरीत बोलावले, पण त्याने ते नाकारले आणि तो महाराजांकडे परत गेला. महाराजांनी किल्ला गेला म्हणून त्याला बोल लावला नाही, उलट त्याचा मान केला. पुढे भूपाळगड त्याच्या हाती दिला.

चाकणच्या मुलांना गोष्ट येथवर ठाऊक असते. मलाही एवढीच ठाऊक होती.

भूपाळगड म्हणजे सांगली जिल्ह्यातील बाणूरगड. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे वडिलांवर रुसून मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्ये खान भूपाळगडावर चालून आला. बखरीत असे येते की युवराज समोर दिसताच फिरंगोजीचा हात तोफेला लागेना. धन्याचा गड राखायचा तर धन्याच्याच मुलावर गोळा टाकायचा! तो गड सोडून महाराजांकडे निघून गेला. गडावर मोठी कत्तल झाली आणि हाती लागलेल्या सातशे माणसांचा एकेक हात खानाने तोडविला. महाराज फार संतापले. त्यांनी फिरंगोजीला तोफेच्या तोंडी दिले, असेही कोणी लिहितात. जाणकार ती शिक्षा खरी मानीत नाहीत, म्हणून मीही ती पक्की सांगत नाही. पण एकोणीस वर्षांपूर्वी ज्याने चाकण झुंजविले, त्याच्याच हातून हा गड गेला. ते सातशे हात आठवले की घास गिळवत नाही.

ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल नावाच्या पंडिताने इ. स. पूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे की शोकनायक दुष्ट नसतो आणि देवमाणूसही नसतो. तो आपल्यासारखाच, जरा थोर असतो आणि एखाद्या चुकीने कोसळतो. सोफोक्लीसच्या नाटकातील अँटिगनी पाहा. राजा क्रेऑन हा तिचा मामा. तिच्या एका भावाच्या प्रेताला कोणी माती द्यायची नाही, असा त्याचा हुकूम. इकडे राजाज्ञा, तिकडे पाठचा भाऊ. ती भावाला माती देते आणि स्वतःचा जीव गमावते. होमरच्या काव्यातील हेक्टर घ्या. भाऊ पॅरिसच्या अपराधापायी ट्रॉय नगरीवर युद्ध आले. बायको रडून थांबवते, तान्हे बाळ बापाच्या शिरस्त्राणाचा तुरा पाहून भिते. तो शिरस्त्राण काढून बाळाला उचलून घेतो आणि तरीही लढायला जातो. हे ऐकताना माझी भाकरी तव्यावर करपली.

दोन्हीकडे कर्तव्यच असले म्हणजे माणसाने काय करावे? हा प्रश्न राजवाड्यातच पडतो असे नाही. आपल्या भागात जमिनी कारखान्यांना गेल्या तेव्हा माझ्या भावाने हक्कसोडपत्र पुढे ठेवले. घरी यजमान म्हणत, सही करू नकोस, मुलांचे बघ. मी सही केली. घरात दोन वर्षे अबोला होता. माझे बरोबर होते की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून मी फिरंगोजीला चटकन दोष देऊ शकत नाही. मात्र त्याच्या कळवळ्याची किंमत गडावरच्या माणसांनी मोजली, हेही विसरता येत नाही.

आणि ते युवराज? १६७९ संपण्याआधीच ते पन्हाळ्याला परत आले. पुढे छत्रपती झाले. आपल्याच इंद्रायणीच्या काठी, ती भीमेला मिळते त्या तुळापूरच्या परिसरात, ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने हाल हाल करून त्यांचा वध करविला, पण ते नमले नाहीत. तरुणपणी चुकलेला माणूस अखेरीस केवढा मोठा झाला!

वीराची गोष्ट आपण मुलांना अर्धीच सांगतो, असे मला वाटते. पुढच्या खेपेस चाकणच्या बुरुजापाशी मुलांना नेले, तर भूपाळगडचीही गोष्ट सांगावी. फिरंगोजीने काय करायला हवे होते, ते त्यांनाच विचारावे. माझ्या मुलीने मला विचारले तेव्हा मला उत्तर आले नाही, पण त्या रात्री आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो होतो.