दातांच्या दवाखान्यातली हत्यारे : काय पुन्हा वापरतात, काय फेकतात?

दात तपासताना डॉक्टरांच्या ट्रेमध्ये छोटा आरसा, टोकदार प्रोब आणि चिमटा असतोच. दातांवरचा कडक थर काढायला स्केलर, दात काढायला एलिव्हेटर आणि फोर्सेप लागतात. ही स्टीलची हत्यारे पुन्हा वापरतात. मात्र प्रत्येक पेशंटनंतर ती आधी घासून धुवावी लागतात, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. नुसते उकळून किंवा स्पिरिटने पुसून भागत नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू त्यातही टिकतात.

एकदाच वापरून फेकायच्या वस्तू : हातमोजे, इंजेक्शनची सुई, भुलीच्या औषधाची काचेची नळी, लाळ ओढणारी प्लास्टिकची नळी, कापूस, गॉज. नळीत औषध उरले तरी ते दुसऱ्या पेशंटला देता येत नाही.

एवढी काळजी कशासाठी? हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. पैसे वाचतात म्हणून रस्त्यावर दात काढून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा.

विचारायला लाजू नका : “डॉक्टरसाहेब, सुई नवीन आहे ना? हत्यारांचे पाकीट माझ्यासमोर उघडाल का?” चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.