शैक्षणिक संशोधन पद्धती : पुण्यातील अध्यापक शिक्षण

शिक्षणातील एखादा प्रश्न नेमका कसा मांडावा, त्यासाठी माहिती कोठून व कशी जमवावी, तिचे विश्लेषण कसे करावे आणि हाती आलेला निष्कर्ष कोठपर्यंत लागू धरावा, हे शिकवणारा अध्यापक शिक्षणातील विषय. पुणे शहरात तो तीन पातळ्यांवर शिकवला जातो. बी.एड.च्या छात्राध्यापकाला कृतिसंशोधन करावे लागते, एम.एड.च्या विद्यार्थ्याला लघुप्रबंध सादर करावा लागतो, तर पीएच.डी.च्या संशोधकाला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून मगच प्रबंधाकडे वळता येते.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. ही पदवी सुरू केली. पुणे तेव्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत होते. शिक्षण प्रसारक मंडळीचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापन झाल्यावर शहरातील अध्यापक महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे पुण्यातील शिक्षण महाविद्यालय आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग यांचे अभ्यासक्रम वेगळे असल्याने एकाच शहरात हा विषय एकाहून अधिक अभ्यासक्रमांनुसार शिकवला जातो.

शिक्षणविषयक संशोधनाची पुण्यातील परंपरा अध्यापक महाविद्यालयांपुरती मर्यादित नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. त्यांचे अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्रज्ञांची नमुना पाहणी शाळेच्या प्रश्नाला कशी लावता येते, याचा तो ठळक दाखला होय. ज्ञान प्रबोधिनीत (स्थापना १९६२) गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम झाले.

जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात आली आणि कोथरूडमध्ये स्थिरावली. जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी या संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा कृतिसंशोधन प्रकल्प राबवला. दिवसा कामाला जुंपलेल्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग आणि गावातलेच शिक्षक अशी त्याची रचना होती. वर्ग चालवायचे, अडचणी नोंदवायच्या आणि त्या नोंदींच्या आधारे वर्गांतच बदल करायचे, हे कृतिसंशोधनाचे तत्त्व एका खोलीपुरते न राहता अनेक गावांना लावले गेले.

अभ्यासक्रमातील स्थान : कृतिसंशोधनाची कल्पना कुर्ट लेविन यांच्या १९४६ मधील लेखनातून पुढे आली. स्टीफन कोरे यांनी १९५३ मधील ग्रंथात ती शाळेच्या कामाशी जोडली. स्वतःच्या वर्गातली अडचण शिक्षकाने स्वतः तपासावी, हा तिचा गाभा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर २०१५–१६ पासून बी.एड. व एम.एड. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले आणि बी.एड.ला प्रदीर्घ छात्रसेवाकाल आला. सराव पाठांपुरते शाळेत जाणारे छात्राध्यापक आता अनेक आठवडे त्याच वर्गांत असतात. कृतिसंशोधनाला लागणारा सलग सहवास त्यामुळे मिळू शकतो.

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांत संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे ४० व ६० टक्के या टप्प्यांवर कारवाई कडक होत जाते.

समस्या आणि शीर्षक : विद्यार्थ्याची पहिली कसोटी शीर्षकाला लागते. ‘विद्यार्थ्यांच्या वाचनाचा अभ्यास’ हा संशोधनाचा विषय नव्हे, ते एक क्षेत्र आहे. इयत्ता, माध्यम, शाळेचा प्रकार, वाचनाचा कोणता पैलू आणि कोणते स्थळ हे ठरल्याशिवाय साधन तयार करता येत नाही. पुण्यातील अनेक लघुप्रबंधांच्या शीर्षकांत ‘पुणे शहरातील’ हे शब्द येतात. मात्र त्यांची कार्यात्मक व्याख्या द्यावी लागते, कारण शहराची हद्द स्थिर नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे नव्याने आली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका तर वेगळीच आहे. ‘पुणे शहर म्हणजे अमुक वर्षीची पुणे महानगरपालिकेची हद्द’ असे लिहिले नाही, तर दोन अभ्यासांतील आकड्यांची तुलना फसते.

मर्यादा आणि परिमर्यादा यांतील भेदही येथेच शिकवला जातो. संशोधकाच्या हातात नसलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ उत्तर देणाऱ्याची मनःस्थिती किंवा प्रामाणिकपणा, या मर्यादा. संशोधकाने स्वतः आखलेली कुंपणे, म्हणजे फक्त नववी, फक्त मराठी माध्यम, फक्त अनुदानित शाळा, या परिमर्यादा.

पद्धती : ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि प्रायोगिक अशी पारंपरिक विभागणी आजही शिकवली जाते, तिला व्यक्ती अभ्यास, क्षेत्रीय निरीक्षण अशा गुणात्मक पद्धतींची जोड मिळाली आहे.

ऐतिहासिक पद्धतीला पुण्याइतके अनुकूल शहर विरळा. जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात १८४८ मध्ये सुरू केलेल्या मुलींच्या शाळेवर लिहायचे, तर त्या काळातील पत्रे, अहवाल व वृत्तपत्रे ही प्राथमिक साधने ठरतात आणि नंतर लिहिलेली चरित्रे दुय्यम. फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन हे त्यांच्या शिक्षणविचाराचे प्राथमिक साधन होय. परंतु १८४८ मधील शाळेच्या दैनंदिन कामकाजासाठी तेच निवेदन ३४ वर्षांनंतरचे कथन ठरते. एकच कागद एका प्रश्नाला पक्का पुरावा असतो आणि दुसऱ्याला कच्चा. बालभारतीचे (स्थापना १९६७) ग्रंथालय जुन्या पाठ्यपुस्तकांच्या आशय विश्लेषणासाठी उपयोगी पडते.

वर्णनात्मक पद्धतीत सर्वेक्षणाचा वापर सर्वाधिक होतो. न्यादर्श निवडताना शाळांची पूर्ण यादी हाती असावी लागते. त्या यादीतून मनपाच्या, अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित असे स्तर पाडून प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या, तर तो स्तरित यादृच्छिक न्यादर्श. ओळखीचे मुख्याध्यापक असलेल्या शाळा घेतल्या, तर तो सोयीचा न्यादर्श. तो वापरण्यास बंदी नाही. पण त्यावरून शहरातील सर्व विद्यार्थ्यांविषयी विधान करता येत नाही.

प्रायोगिक पद्धतीत दोन तुल्य गट असावे लागतात. शाळेत मात्र तुकड्या मोडून मुले यादृच्छिक रीतीने वाटण्याची परवानगी सहसा मिळत नाही. त्यामुळे ‘अ’ तुकडी प्रायोगिक आणि ‘ब’ तुकडी नियंत्रित अशी रचना होते. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांच्या १९६३ मधील वर्गीकरणात हिला अर्धप्रायोगिक रचना म्हणतात. तुकड्या गुणांनुसार पाडलेल्या असतील, तर पूर्वचाचणीशिवाय अशी तुलना निरर्थक ठरते.

साधने व विश्लेषण : प्रश्नावली, मुलाखत, पडताळा सूची, पदनिश्चयन श्रेणी, संपादन चाचणी ही नेहमीची साधने. अभिवृत्ती मापनासाठी लिकर्ट यांची १९३२ मधील श्रेणी आजही सर्वांत जास्त वापरली जाते. परदेशी श्रेणीचे मराठीकरण केले, तर वैधता आणि विश्वसनीयता पुन्हा तपासावी लागते. मूळ साधनाचा गुणांक भाषांतराला आपोआप मिळत नाही. मुख्य अभ्यासाआधी थोड्या विद्यार्थ्यांवर साधन वापरून पाहिल्यास दुहेरी अर्थाची विधाने हाती लागतात. ‘माझी शाळा स्वच्छ आणि शिस्तबद्ध आहे’ या विधानावर विद्यार्थ्याने ‘सहमत’वर खूण केली, तरी तो स्वच्छतेशी सहमत आहे की शिस्तीशी, हे कळत नाही.

संख्याशास्त्राचा भाग मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-परीक्षिका व काय-वर्ग यांभोवती फिरतो. आकडेमोड आता संगणकावर होते, तरी सूत्राची निवड विद्यार्थ्यालाच करावी लागते. त्याच चाळीस विद्यार्थ्यांची पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतली असेल, तर गुण जोडीचे असतात. स्वाधीनता मात्रा ३९ आणि ०.०५ स्तरावरील टी-मूल्य सुमारे २.०२. दोन स्वतंत्र गटांचे सूत्र येथे लावणे ही चूक होय. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक नाही’ या गृहीताचा, त्याग झाला, तरी फरक योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे, एवढेच सिद्ध होते. तो फरक शिकवण्याच्या दृष्टीने मोठा आहे की क्षुल्लक, हे मध्यमानांकडे पाहूनच ठरवावे लागते.

कृतिसंशोधनाचा नमुना : सहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गात जोडाक्षरांच्या चुका फार होतात, अशी छात्राध्यापकाची तक्रार आहे असे समजू. पहिले काम चुकांची प्रतवारी. मराठीत ‘र’ चार रूपांनी जोडला जातो : प्रकाश, राष्ट्र, सूर्य आणि तऱ्हा. श्रुतलेखनात ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आर्शीवाद’ आणि ‘निसर्ग’ऐवजी ‘निर्सग’ आढळले, तर मुलांना रफार येतो, पण त्याची जागा चुकते. ‘सूर्य’ऐवजी ‘सुर्य’ लिहिणाऱ्याचा रफार बरोबर आहे, त्याची चूक ऱ्हस्व-दीर्घाची. ती वेगळ्या रकान्यात जायला हवी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील घोटाळा तर अर्थच बदलतो.

प्रतवारीनंतर कारण शोधता येते. रफाराचा ‘र’ उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. बोललेला आणि लिहिलेला क्रम जुळत नाही. मग परिकल्पना नेमकी होते : शब्द ‘आ-शीर्-वाद’ असा तोडून म्हणण्याचा आणि लिहिण्याचा रोजचा सराव दिल्यास रफाराच्या जागेच्या चुका कमी होतील. काही आठवड्यांच्या उपक्रमानंतर उत्तरचाचणीत तेच शब्द न देता त्याच काठिण्याचे नवे शब्द द्यावे लागतात. अन्यथा मोजले जाते ते पाठांतर. उपक्रमाच्या काळात वर्गशिक्षकांनी स्वतंत्रपणे शुद्धलेखन घेतले असेल, तर तीही नोंद अहवालात हवी. निष्कर्ष त्या वर्गापुरताच राहतो; कृतिसंशोधनाकडून त्याहून अधिक अपेक्षा नसते.

ग्रंथ व संस्था : मराठीतून हा विषय शिकणाऱ्यांत रा. श. मुळे व वि. तु. उमाठे यांचे ‘शैक्षणिक संशोधनाची मूलतत्त्वे’, वि. रा. भिंताडे यांचे ‘शैक्षणिक संशोधन पद्धती’ आणि बन्सी बिहारी पंडित यांचे ‘शिक्षणातील संशोधन’ ही पुस्तके प्रचलित आहेत. न्यादर्श, चल, परिकल्पना, सार्थकता स्तर ही परिभाषा अशा पुस्तकांतून रुळली. तोंडी मात्र गाईड, सिनॉप्सिस, डेटा आणि व्हायवा हेच शब्द चालतात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी मो. ब. बुच यांनी संपादित केलेला, १९७४ मध्ये बडोद्याहून निघालेला भारतीय शैक्षणिक संशोधनाचा आढावा आणि त्याचे पुढील खंड हा पूर्वी मुख्य आधार होता. आता शोधगंगेवर प्रबंध थेट वाचता येतात.

सदाशिव पेठेतील महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, लोणी काळभोर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, राज्य मंडळ आणि राज्य परीक्षा परिषद ही कार्यालये पुण्यात किंवा पुण्यालगत आहेत. संशोधन व प्रशिक्षण परिषदेची सुरुवात १९६४ मधील राज्य शिक्षणशास्त्र संस्थेपासून झाली असून तिला सध्याचे स्वरूप १९८४ मध्ये मिळाले. सेवेतील शिक्षकांची कृतिसंशोधने आणि नवोपक्रम या यंत्रणेतून पुढे येतात.

मूल्यमापन : या विषयाच्या अध्यापनातील मुख्य उणीव क्रमाची आहे. पुष्कळदा विद्यार्थी आधी पद्धत ठरवतो, मग तिला साजेसा प्रश्न शोधतो. एखाद्या अध्यापन तंत्राचा ‘परिणामकारकता अभ्यास’ करायचा हे आधी ठरते आणि वर्गातली अडचण त्यात नंतर बसवली जाते. एका गटाची पूर्वचाचणी, पंधरा दिवसांचा उपक्रम, उत्तरचाचणी आणि ‘कार्यक्रम परिणामकारक ठरला’ हा निष्कर्ष, हे साच्यातले चित्र त्यातूनच तयार होते. नकारात्मक निष्कर्ष आला तर गुण कमी होतील, ही भीतीही साच्याला बळ देते. वस्तुतः फसलेल्या उपायाची नीट ठेवलेली नोंद ही यशाच्या ढोबळ दाव्यापेक्षा शिक्षकाला अधिक उपयोगी असते. परीक्षकांनी निष्कर्षाच्या दिशेऐवजी प्रश्न, साधन आणि पुरावा यांच्या मेळाला गुण दिले, तर हा विषय शाळेतील रोजच्या कामाला उपयोगी पडेल; तसे झाले नाही, तर लघुप्रबंध पदवीची एक औपचारिकता बनून राहील.