ईडलिंबू ते राधाचं घर

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यांवरून फिरलं, की जुन्या अंकलिपीची बरीचशी पानं ढिगांनी रचलेली दिसतात. अननस, ऊस, टरबूज, डाळिंब, फणस. ईडलिंबू तेवढं शोधावं लागतं. मराठी मुलांनी ते चाखण्यापेक्षा ‘ई’च्या चौकटीतच जास्त पाहिलं असेल. आणि ज्याच्या पाठीवरून हा सगळा माल गाळ्यात येतो, तो हमाल अंकलिपीत सहसा भेटत नाही. ‘ह’ला हत्ती किंवा हरीण ठरलेलं.

मराठी घरात शिरलेलं पहिलं चित्रांचं पुस्तक म्हणजे ही अंकलिपीच. दोन पिना मारलेली, पातळ कागदाची, स्टेशनरीच्या दुकानात नि जत्रेतही मिळणारी. बाराखडी, पाढे, वार, महिने यांच्या गर्दीत अंगठ्याएवढी चित्रं. चित्र म्हणजे अक्षर टांगायची खुंटी. अक्षर पाठ झालं की त्याचं काम संपलं.

ही युक्ती मात्र जुनी आहे. कोमेनियस या झेक शिक्षकाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघालं आणि लहान मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास बहुधा तिथूनच सांगितला जातो. त्यातही सुरुवातीला मुळाक्षरं आहेत. पण कावळा ओरडतोय, कोकरू बें-बें करतंय, त्या आवाजांवरून अक्षर ओळखायचं. आपल्या ‘अ अननसाचा’ला असा आवाज नाही.

पुण्यात चित्रं छापायची सोय नव्हती असं मुळीच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. तिथल्या रंगीत छापांनी देवादिक आणि पेशवे घराघरांच्या भिंतींवर चढवले. पण ती चित्रं मोठ्यांसाठी, तीही भिंतीवर, मुलांच्या हाताला न लागतील अशा उंचीवर. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केलं. तिथे कारभार शब्दांचा होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं चित्ररामायण १९१६ मध्ये निघालं. मोठं देखणं काम, पण मुलाच्या मांडीवर द्यायला कुणी धजावलं असेल का, शंकाच आहे.

स्वातंत्र्यानंतर हात जरा सैल झाला. मद्रासहून १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि तिनेच १४ नोव्हेंबर १९७१ ला ‘किशोर’चा पहिला अंक काढला. दर महिन्याला चित्रकारांचं काम खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचवणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

याच सुमारास नॅशनल बुक ट्रस्टची आणि सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं आली. अनिल हवालदारांच्या मराठीतल्या ‘देनिसच्या गोष्टी’ आजही कुणी ना कुणी जुन्या बाजारात शोधत असतं. ही पुस्तकं स्वस्त पडत, कारण रंगांच्या प्लेटा सगळ्या भाषांना एकच ठेवता येत. मजकुराची काळी प्लेट तेवढी बदलायची. हिशोब चोख. पण मराठी मजकुराखालची झोपडी, रस्ता, माणसांचे कपडे कुठले, हे नेमकं सांगता येत नसे. रशियन पुस्तकांत तर बर्फच बर्फ. मुलांना ते आवडलं हे खरं, पण आपला जिना, आपली गॅलरी, आपली आजी चित्रात कधी दिसणार?

ते काम पुण्यात झालं, माधुरी पुरंदरे यांच्या हातून. मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि पुढे पॅरिसला चित्रकला शिकलेल्या, फ्रेंच शिकवणाऱ्या या बाईंनी लेखणी आणि कुंचला दोन्ही स्वतःकडेच ठेवले. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातलं एकेक माणूस एकेका छोट्या पुस्तकात येतं. राक्षस नाही, राजपुत्र नाही, तात्पर्यही नाही. ‘हात मोडला’मधल्या यशचा हात मोडतो, एवढ्यावर अख्खं पुस्तक उभं राहतं. ‘चित्रवाचन’मध्ये त्या आणखी पुढे जातात: बोलायचं ते मुलानं, चित्र पाहून. खुंटीवरचं अक्षर इथे खाली उतरलं. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार. दोन्ही उशिराच, असं म्हणायला हरकत नाही.

मुलांसाठी काय घ्यावं, असं विचारणाऱ्या पालकांनी दोन-तीन वर्षांच्या मुलाला राधा द्यावी, शाळेत जाऊ लागलेल्याला यश. वाचता येऊ लागलं की ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत, त्यांत मराठी साहित्यातल्या निवडक उताऱ्यांसोबत भारतीय चित्रकलेचे नमुनेही आहेत. पैशांची अडचण असेल तर ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी चित्रगोष्टी मिळतात. फक्त त्या मोबाइलच्या पडद्यावर न दाखवता छापून घ्याव्यात. लहान मूल पान हाताने उलटतं आणि आवडलेल्या चित्राशी चार वेळा परत येतं.