सेमिनारच्या अर्जाची कुळकथा

स्टॅनफर्ड, टोरांटो यांसारख्या विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य प्रवेशअर्जाखेरीज आणखी एक लहानसा अर्ज करता येतो. तो असतो एखाद्या विषयसूत्राभोवती गुंफलेल्या सेमिनारसाठी, म्हणजे जिथे मोजके विद्यार्थी एका प्राध्यापकासह टेबलाभोवती बसून वर्षभर किंवा सत्रभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करतात अशा वर्गासाठी. टोरांटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजातील ‘विक वन’ हा उपक्रम किंवा स्टॅनफर्डचे प्रास्ताविक सेमिनार ही त्याची परिचित उदाहरणे होत. या अर्जाचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले एकदोन परिच्छेद: हाच विषय का, आणि त्याविषयी आपण कसा विचार करतो. विद्यार्थी आधीच गुणांच्या चाळणीतून पार पडत असताना त्याच्याकडून हा लेखी मजकूर मागण्याची रीत आली कोठून, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे, आणि त्याचे उत्तर अमेरिकेत नसून अठराव्या शतकातील जर्मनीत सापडते.

प्रथम वर्षाच्या सेमिनारांचा इतिहास सांगताना 1888 मधील बॉस्टन विद्यापीठ, 1911 मधील रीड कॉलेज आणि 1972 मधील साउथ कॅरोलायना विद्यापीठ हे टप्पे सहसा सांगितले जातात. तो इतिहास खरा आहे, पण नवख्या विद्यार्थ्याला महाविद्यालयीन जीवनात रुळवणाऱ्या अभ्यासक्रमांचा आहे. तेथे सर्वांना सामावून घ्यायचे असते, निवडायचे नसते. म्हणून अर्ज मागणाऱ्या सेमिनारचे कूळ वेगळे मानावे लागते.

त्या कुळाचा आधुनिक मूळपुरुष म्हणून एडविन लँड यांचे नाव घेतले जाते. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक असलेले लँड स्वतः हार्वर्डमध्ये दाखल झाले होते, परंतु पदवी न घेताच बाहेर पडले. मे 1957 मध्ये एमआयटीत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असा आग्रह धरला की विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी, अनुभवी मार्गदर्शकाच्या सोबतीने, स्वतःचे संशोधन करू द्यावे. 1959 मध्ये त्यांच्याच देणगीतून आणि अध्यक्ष नेथन प्यूसी यांच्या कारकिर्दीत हार्वर्डने प्रथम वर्षाच्या सेमिनारांचा प्रयोग आरंभला. लँड यांच्या मनातील चित्र मात्र प्रयोगशाळेचे होते, त्यात एक तरुण आणि एक जाणता मार्गदर्शक एवढेच होते. प्रत्यक्षात उभा राहिला तो सेमिनार. विद्यापीठाने नवी कल्पना जुन्या साच्यात ओतली, आणि त्या साच्यासोबत त्याच्या जुन्या सवयीही आल्या.

तो साचा ग्योटिंगेनचा. 1737 मध्ये विधिवत उद्घाटन झालेल्या या विद्यापीठात योहान मथियास गेस्नर यांनी त्याच सुमारास भाषाशास्त्रीय सेमिनारची स्थापना केली. ‘सेमिनार’ हे नावही उसने होते: ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी ज्या संस्था काढायला सांगितल्या त्यांचे ते नाव, आणि एका प्रोटेस्टंट विद्यापीठाने ते ग्रीक-लॅटिनचे शिक्षक घडवण्यासाठी निःसंकोच उचलले. व्याख्यानाला शुल्क भरून कोणीही बसू शकत असे. सेमिनारचे सदस्यत्व मात्र मोजक्यांनाच मिळे, आणि या सदस्यांना राज्याच्या तिजोरीतून विद्यावेतन दिले जाई. सारे रहस्य या विद्यावेतनात आहे. ज्याच्यावर सरकारी पैसा खर्च होणार त्याची पात्रता तपासणे भाग होते, आणि कुलीनता किंवा शिफारसपत्र यांपेक्षा लेखी पुरावा अधिक भरवशाचा होता. 1787 मध्ये फ्रीडरिश ऑगुस्ट वोल्फ यांनी हाले येथे आणि 1812 मध्ये ऑगुस्ट बोएख यांनी बर्लिन येथे सेमिनार उभारले, तोवर ही रीत नियमावलीत स्थिरावत गेली: सदस्य होऊ इच्छिणाऱ्याने स्वतः लिहिलेला लॅटिन निबंध नमुना म्हणून सादर करावा, संचालकाने तो वाचून निवड करावी. आजच्या अर्जातील परिच्छेद हा त्या नमुना-निबंधाचा थेट वंशज होय, असा येथील पक्ष आहे.

 

या पक्षाविरुद्ध तीन मते मांडता येतात. पहिले असे की जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून अर्ज. त्यात इतिहास शोधण्याचे कारण नाही. परंतु टंचाईने निवड अपरिहार्य ठरते, लेखन नव्हे. मर्यादित जागांचे कित्येक वर्ग चिठ्ठ्या टाकून किंवा प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देऊन बिनबोभाट भरले जातात. दुसरे मत ऑक्सफर्डच्या ट्युटोरियलकडे, म्हणजे एकदोन विद्यार्थ्यांनी आपला निबंध शिक्षकासमोर वाचण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवते. तेथे लेखन भरपूर आहे, पण ते शिक्षणाचा भाग म्हणून. ट्युटर कॉलेज नेमून देते, त्याच्याकडे अर्ज करून जागा मिळवावी लागत नाही.

तिसरे, अशा सेमिनारचे मूळ विस्कॉन्सिनमध्ये शोधणारे मत अधिक वजनदार आहे. अलेक्झांडर माइकलजॉन यांनी 1927 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘प्रायोगिक महाविद्यालय’ काढले, ज्यात पहिले संपूर्ण वर्ष इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अथेन्सला आणि दुसरे आधुनिक अमेरिकेला दिले होते. हा प्रयोग 1932 मध्ये बंद पडला. एका सूत्राभोवती सारे वर्ष बांधण्याची कल्पना आजच्या उपक्रमांनी येथून घेतली, हे मान्य करायला हवे. मात्र विषयसूत्र आणि अर्ज हे दोन वेगळे वारसे आहेत, आणि माइकलजॉन यांच्या ध्येयवादाचा रोख लोकशाहीसाठी नागरिक घडवण्याकडे होता, निवडक विद्वान वेचण्याकडे नव्हता. सूत्र विस्कॉन्सिनचे, अर्ज ग्योटिंगेनचा, अशी विभागणी केल्याशिवाय दोन्ही बाजूंना न्याय मिळत नाही.

जर्मनीपासून हार्वर्डपर्यंतचा मार्ग बराचसा उघड आहे. एडवर्ड एव्हरेट आणि जॉर्ज टिकनर हे तरुण 1815 मध्ये ग्योटिंगेनला गेले. एव्हरेट तेथून डॉक्टरेट घेऊन परतले आणि कालांतराने हार्वर्डचे अध्यक्ष झाले. 1870 च्या दशकात हेन्री अ‍ॅडम्स यांनी हार्वर्डमध्ये मध्ययुगीन इतिहासाचा सेमिनार चालवला, तर 1876 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धत पदव्युत्तर शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणली. या प्रवासात विद्यावेतन सेमिनारपासून सुटे झाले, लॅटिन गेले, पण प्राध्यापकाने आपले सदस्य स्वतः पारखून घ्यावेत हा हक्क टिकला. 1959 मध्ये पदव्युत्तर वर्गाचा सेमिनार एकदम प्रथम वर्षात उतरवला गेला तेव्हा हा हक्कही सोबत उतरला असणार; ज्याच्यापाशी अद्याप कोणतेही संशोधन नाही अशा नवख्याला पारखण्यासाठी त्याच्या लेखणीखेरीज दुसरे साधन तरी कोणते होते? हा दुवा अनुमानाचा आहे, परंतु मागचापुढचा पुरावा पाहता त्याहून सरस अनुमान संभवत नाही.

अर्जातला परिच्छेद मुळात असा पारखण्याचा नमुना आहे, म्हणूनच परदेशी विद्यापीठांतील अशा सेमिनारांसाठी अर्ज करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी त्या परिच्छेदात विद्यापीठाची थोरवी गाऊ नये आणि पारितोषिकांची यादीही देऊ नये. निवडलेल्या विषयातील एक खरा प्रश्न घ्यावा, त्यावर आपण कोठवर विचार केला आहे आणि कोठे अडलो आहोत ते स्पष्ट लिहावे. वाचणारा प्राध्यापक त्या मजकुरात आपल्या टेबलाभोवतीचा सहाध्यायी शोधत असतो.