गोष्टीचं खरेदीखत

१९०७ साली न्यूयॉर्कच्या कालेम नावाच्या सिनेमा कंपनीनं जीन गाँटिए या लेखिकेकडून 'बेन-हर' कादंबरीवरून दृश्यं लिहून घेतली. ल्यू वॉलेसची ही कादंबरी १८८० साली हार्परनं काढली होती आणि ती अमेरिकेत घरोघरी पोचली होती. १८९९ पासून तिच्यावरचं नाटकही धो धो चालत होतं. त्यात रथांच्या शर्यतीसाठी जिवंत घोडे रंगमंचावर फिरत्या पट्ट्यांवरून धावायचे. कालेमनं ती शर्यत ब्रुकलिनमधल्या शीप्सहेड बे इथं चित्रित केली आणि सगळी कथा एका रिळात, पंधराएक मिनिटांत बसवली. परवानगी कुणाचीच घेतली नाही, कारण तेव्हा तशी रीतच नव्हती. वॉलेस १९०५ मध्येच वारला होता. कोर्टात गेले ते प्रकाशक आणि नाटकवाले.

कालेमचं म्हणणं असं, की आम्ही पुस्तकातला एक शब्दही उचललेला नाही, आम्ही नुसती चित्रं दाखवली. मूकपटच तो, त्यामुळे वरवर पाहता हे खरंही होतं. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी ते मोडून काढलं. नाट्य बोलण्यातून उभं राहतं तसंच कृतीतूनही उभं राहतं, असा त्यांचा निर्वाळा. कंपनीला २५,००० डॉलर भरावे लागले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा उल्लेख आला.

मी वकील आहे. लेखकांचे करारनामे वाचून देणं हे माझं रोजचं काम, आणि त्यामुळेच हा खटला मला जवळचा वाटतो. कादंबरीकाराचा पडद्यावरचा हक्क कुणी दानात दिलेला नाही, तो भांडून मिळवलेला आहे.

आपल्याकडे हा हक्क लवकर आला. ब्रिटिशांचा १९११ चा कायदा १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला आणि त्यात आपल्या कृतीवरून चित्रपट काढू देण्याचा अधिकार कर्त्याला स्पष्टपणे होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कोरोनेशनला लागला, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. पण फाळक्यांना कुणाला पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. हरिश्चंद्राच्या कथेवर कुणाची मालकी सांगणार? सुरुवातीचा आपला सिनेमा पुराणांवर वाढला आणि कथेला किंमत मोजायची सवय निर्मात्यांना लागलीच नाही, असं माझं मत आहे.

प्रश्न उभा राहिला तो सिनेमा कादंबरीकडे वळल्यावर. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला, तो हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून. हरिभाऊंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्या काळच्या कायद्यातही कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क जिवंत राहायचा. मग आले दुसरे आपटे, नारायण हरी. त्यांच्या कथेवर पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला आणि १९३६ मध्ये तीच कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली. त्यांच्याच 'भाग्यश्री'वरून प्रभातचा 'अमृतमंथन' झाला आणि 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ चा 'कुंकू'. 'कुंकू' मराठीत झाला, आणि हिंदीत 'दुनिया न माने' म्हणूनही.

'सावकारी पाश' आणि 'कुंकू' या दोन उदाहरणांपाशी मी नेहमी थांबते. १९२५ साली बोलपट अस्तित्वातच नव्हता. आपला पहिला बोलपट १९३१ चा. मूकपटासाठी दिलेल्या हक्कात अकरा वर्षांनंतरचा बोलपट धरायचा का? एका कादंबरीचे दोन भाषांत दोन चित्रपट झाले, तर मानधन एकदा की दोनदा? आज माझ्या टेबलावर येणाऱ्या करारांत बोलपटाच्या जागी ओटीटी असतो आणि हिंदीच्या जागी तमिळ-तेलुगू. वाद तोच आहे.

पगारी लेखकांची गोष्ट वेगळी. प्रेमचंद १९३४ मध्ये वर्षाला आठ हजारांच्या करारावर मुंबईच्या अजंठा सिनेटोनमध्ये आले आणि वर्षभरातच बनारसला परतले. पगार असला की हिशेब सोपा असतो. घरात बसून कादंबरी लिहिणाऱ्याचं तसं नसतं. अण्णाभाऊ साठ्यांचंच बघा. 'वैजयंता' १९६१ मध्ये पडद्यावर आला, 'फकिरा' १९६३ मध्ये. 'वारणेचा वाघ' १९७० मध्ये लागला तेव्हा ते हयात नव्हते. इतक्या कथा पडद्यावर गेलेल्या माणसाच्या आयुष्याची बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत गेली. त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट २०२९ अखेरपर्यंत आहे, हे त्यांच्या कथांकडे बघणाऱ्या प्रत्येक निर्मात्यानं ध्यानात ठेवावं.

साताऱ्याकडचे एक ज्येष्ठ कादंबरीकार मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. पिशवीतून त्यांनी ऐंशीच्या दशकातला कागद काढला. मुद्रांकावर टाइप केलेली दोन पानं, घड्यांवर झिजलेली, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. रक्कम पाच हजार, एकरकमी. मोबदल्यात काय दिलं होतं? 'सदर कादंबरीचे चित्रपटविषयक सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगाकरिता, कायमस्वरूपी.' मुदत नाही, पुनर्निर्मितीचा वेगळा मोबदला नाही, श्रेयनामावलीत नाव कुठं येणार तेही नाही. चित्रपट दूरदर्शनवर लागला, मग कॅसेटवर आला, सीडीवर आला, आता फोनवर दिसतो. मुलानं तो फोनवरच लावून मला दाखवला. म्हाताऱ्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. "वकीलबाई, तेव्हा पाच हजारांत घरावर पत्रे पडले," एवढंच ते म्हणाले. याच गृहस्थांनी गावची दोन एकर जमीन वाट्यानं दिली आहे आणि तिच्या कागदात बांधापासून विहिरीच्या पाळीपर्यंत सगळं नोंदवून घेतलं आहे. जमीन खंडानं द्यायची की खरेदीखत करून द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. कादंबरीचं मात्र थेट खरेदीखत करून दिलं, कारण समोरच्यानं छापील मसुदा पुढं केला आणि सिनेमा निघतोय याचाच आनंद मोठा होता.

मग टक्केवारी मागावी का? मागावी, पण कशावरची, ते आधी ठरवावं. 'फॉरेस्ट गम्प'चा लेखक विन्स्टन ग्रूम याच्या करारात ३ टक्के होते, निव्वळ नफ्यावर. १९९४ च्या त्या चित्रपटानं जगभरात ६५ कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला, आणि पॅरामाउंट स्टुडिओच्या वहीत मात्र तो तोट्यात निघाला. त्याच पॅरामाउंटवर आर्ट बुकवाल्ड या स्तंभलेखकानं आधी खटला भरला होता. 'कमिंग टु अमेरिका'ची मूळ कल्पना माझी, असं त्याचं म्हणणं होतं. १९९० मध्ये न्यायाधीशांनी निव्वळ नफा काढण्याची ती पद्धतच अन्यायकारक ठरवली आणि पुढं बुकवाल्डला दीड लाख डॉलर मिळाले. म्हणून मी पक्षकारांना सांगते, ढोबळ वसुलीवर अर्धा टक्का मिळत असेल तर निव्वळवरचे पाच टक्के सोडा.

'थ्री इडियट्स'च्या वेळी चेतन भगतला करारानुसार ११ लाख मिळाले आणि नाव चित्रपटाच्या शेवटी आलं. करार पाळला गेला, यात वाद नाही. पण गल्ला शेकडो कोटींचा असताना ज्या पुस्तकातून मूळ बीज आलं त्याचा वाटा ११ लाखांवर गोठतो, हे मला न्याय्य वाटत नाही. 'आपका बंटी'च्या मन्नू भंडारींनी पैशांपलीकडचा प्रश्न कोर्टात नेला. हक्क विकल्यावरही कथेची मोडतोड झाली तर लेखक आक्षेप घेऊ शकतो, हे १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ च्या आधारे मान्य केलं.

या कायद्यात मोठा बदल झाला २०१२ मध्ये. राज्यसभेत जावेद अख्तर गीतकारांसाठी बोलले, पण दुरुस्तीचा फायदा कथाकारालाही झाला. करार करताना जे माध्यम वापरात नव्हतं, ते करारात नेमकं नमूद नसेल तर विकलं गेलं असं आता धरता येत नाही. सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा लेखकाचा हक्क करारानं काढून घेता येत नाही. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं समजायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, हे तर १९९४ च्या दुरुस्तीपासूनच आहे. साताऱ्याच्या कागदावरची तारीख या दोन्ही दुरुस्त्यांच्या आधीची, म्हणून तिथं आमची बाजू लंगडी पडली. सिनेमागृहातला गल्ला मात्र कायद्यानं रॉयल्टीच्या समान वाट्यातून वगळला आहे. तिथलं जे काही मिळवायचं ते करारातच मिळवावं लागतं.

त्यामुळे आता माझा मसुदा असा असतो: एक चित्रपट, एक भाषा, मुदत पाच वर्षं. चित्रीकरण मुदतीत सुरू झालं नाही तर हक्क आपोआप परत. दुसऱ्या भाषेत किंवा मालिका म्हणून काढायचं तर नवा करार, नवी रक्कम. नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत, दिग्दर्शकाच्या नावाइतक्या आकारात. गेल्या महिन्यात एका निर्मात्याच्या वकिलांनी आकाराचं कलम खोडलं आणि ढोबळ वसुलीच्या टक्क्यावर बैठक तीन तास चालली. शेवटी अर्ध्याचा पाव टक्का झाला. भाषेचं कलम आम्ही सोडलं नाही. कादंबरी लिहिणारी मुलगी सोलापूरची, तिचं हे पहिलंच पुस्तक. तिनं सही करण्याआधी सगळी पानं स्वतः वाचली आणि पाचव्या पानावर 'कायमस्वरूपी' राहून गेलं होतं ते तिनंच मला दाखवलं.