घरगुती वीजवापर : मोजणी आणि खर्च

घरात खर्च होणारी वीज युनिटमध्ये मोजतात. १,००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट, म्हणजेच १ किलोवॅट-तास वीज लागते. वॅटला तासांनी गुणायचे आणि हजाराने भागायचे, एवढेच गणित. चुकतो तो तासांचा अंदाज.

गिझरच्या २,००० वॅटची धास्ती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला वीसेक मिनिटे पुरतात आणि ०.६ युनिटच्या आसपास वीज लागते. उलट ७५ वॅटचा छताचा पंखा १६ तास फिरला की १.२ युनिट होतात, पण पंख्याला कोणी बोल लावत नाही. (बीएलडीसी पंखा हेच काम तीस-पस्तीस वॅटमध्ये करतो.) रिमोटने टीव्ही बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स चालूच राहतो, तो १० वॅट घेत असेल, तर महिन्याकाठी ७ युनिट.

फ्रिज आणि एसीला हा सरळ गुणाकार लागू पडत नाही, कारण कॉम्प्रेसर सतत सारख्या जोराने चालत नाही. त्यांच्या स्टार लेबलवर वार्षिक युनिट छापलेले असतात. एसीचा आकडा मात्र वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असतो, आणि ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या पाच ताऱ्यांना आज तेवढे मोल नाही.

शंका असेल तर मीटरलाच विचारावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे शेजारी छापलेले असते. अनेक मीटरांवर ३,२०० हा आकडा दिसतो. बाकी सर्व बंद करून एकच उपकरण चालू ठेवावे आणि मिनिटभर मोजावे. अशा मीटरवर दर लुकलुक १८.७५ वॅटची, चार झाल्या की पंख्याचे ७५ वॅट भरले. गिझर लावला तर शंभरावर जातात, मोजताना दमछाक होते.

युनिटचे रुपये करताना एकूण बिलाला युनिटांनी भागण्याची पद्धत फसवी आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो व दर चढतो. त्यामुळे वाचलेले युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते. दरात वीज आकाराबरोबर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्कही धरावे. स्थिर आकार तेवढा बाजूला ठेवावा; घराला महिनाभर कुलूप असले तरी तो लागतोच.