रुमाल, लेबल आणि शोध

आपल्या जुन्या दफ्तरांत कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवीत आणि त्या गठ्ठ्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे रुमाल हजारोंनी आहेत. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे त्यांचे विभाग. या मांडणीत एक अडचण जन्मजातच असते. कागद एक, म्हणून त्याची जागाही एकच. एखाद्या सरदाराच्या पत्रात मोहिमेची हकीकत, कर्जाचे रडगाणे आणि मुलीच्या लग्नाचे आमंत्रण एकत्र आले, तर बिचाऱ्या कारकुनाने ते बांधावे कोठे?

ई-मेलच्या पाठोपाठ हीच अडचण आली. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. पुढे निरोप वाढले तशी फोल्डरे निघाली, म्हणजे रुमालच ते! १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केली आणि फोल्डरांऐवजी लेबले दिली. एकाच पत्रास पाच लेबले लावा. पत्र जागचे हलत नाही. दुसरी तऱ्हा ॲपलच्या स्मार्ट मेलबॉक्सची, २००५ सालची. तीत पत्राला काहीच चिकटवायचे नाही. 'शाळेकडून आलेली, न वाचलेली पत्रे' असा प्रश्न तेवढा एकदा लिहून ठेवायचा; उघडाल तेव्हा त्या घटकेचे उत्तर हजर. पत्र वाचले की यादीतून आपोआप गळते.

आळशी माणसास ही तऱ्हा रुचेल, आणि पुरावाही त्याच्याच बाजूस आहे. २०११ साली स्टीव्ह व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ जणांनी ८५ हजारांहून अधिक वेळा जुनी पत्रे कशी हुडकली ते तपासले. फोल्डरांत शिस्तीने लावून ठेवणाऱ्यांना त्या कष्टांचा लाभ झालेला दिसला नाही.

पण पानिपतची ती बातमी घ्या. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर, उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती एका सावकारी पत्रातून कळली असे सांगतात. मेलेल्यांची गणती त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाने दिली होती. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. आता 'पानिपत', 'भाऊसाहेब', 'लढाई' असे हवे ते शब्द घालून शोधा. शब्दास शब्द जुळविणारा शोध त्या पत्रावरून सरळ पुढे जाईल. ते वाचून ज्याच्या काळजात चर्र झाले, त्यालाच त्यावर 'पानिपत' असे लेबल लावता येईल.

उलट, त्याच दफ्तरात धान्याच्या भावांचा अभ्यासक आला, तर त्याचा प्रश्न रुमाल बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हता. तेथे लेबल मुके, शोधच पाहिजे.

म्हणून विजेची बिले आणि शाळेची परिपत्रके यांना मी हात लावीत नाही. ती आपल्या नावानेच सापडतात. थोरल्या बहिणीच्या एका पत्रात मात्र 'सर्व ठीक, काळजी नको' एवढेच शब्द आहेत. त्यावर मी लेबल लावले आहे : 'आईचे ऑपरेशन'.